दगडू उठतो ते रीळ

पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डात पंचवीस वर्षं लाउडस्पीकरवरून 'मागचा ट्रॅक्टर पुढं घ्या' म्हणणारे सावळीराम आण्णा आता ऐंशीचे झाले. यार्डातलं काम सुटलं, दात सुटले, पण आवाज काही सुटला नाही. घरात त्यांनी पाणी मागितलं तरी चौथ्या घरातली बाई तांब्या घेऊन उठते, असं गल्लीत म्हणतात. एवढा आवाज आणला कुठून, असं कोणी विचारलं की आण्णा एकच शब्द सांगतात, "तंबूतून." आणि मग विचारणाऱ्याची तासभर सुटका नसते.

तंबू म्हणजे दिवाकररावांचा फिरता सिनेमा. जत्रा जिथे, तंबू तिथे. त्या काळी आण्णा आण्णा नव्हते, नुसता सावळीराम होता, त्यामुळे तेवढ्यापुरतं त्याला एकेरीत बोलावलं तर चालेल. आधी तो खुंट्या ठोकायचा, मग बैलगाडीत कर्णा बांधून गावोगाव सिनेमाची हाळी द्यायचा. एकदा दिवाकररावांनी हौसेनं एक इंग्रजी सिनेमा लावला आणि लोकांना ढिम्म कळेना. शिट्ट्या बंद झाल्या, माणसं उठायला लागली. तेव्हा सावळीरामनं कर्ण्याचा माइक हातात घेतला, पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि तिथली गोरी माणसं जे काही बोलत होती ते मराठीत सांगायला लागला. इंग्रजी त्याला 'यस' आणि 'नो' एवढंच येत होतं, तेही उलटसुलट. पण उठलेली माणसं परत बसली. त्या दिवसापासून तो खुंट्या ठोकणारा राहिला नाही. गावोगावचे लोक त्याला 'सांग्या' म्हणायला लागले.

त्याच्या आयुष्यातला मोठा सिनेमा यायचा होता तो यानंतर दोन वर्षांनी आला. दिवाकररावांना मालेगावच्या एका जुन्या रिळांच्या व्यापाऱ्याकडे पत्र्याचे पाच डबे मिळाले. आत घोडेवाल्यांचा, म्हणजे काउबॉयचा, इंग्रजी सिनेमा होता. डब्यांवर लिहिलं होतं की रिळं सहा आहेत, पण सहावा डबा काही सापडला नाही. दिवाकरराव म्हणाले, "शेवटच्या रिळात काय असणार? लग्न लागत असेल. आपल्या लोकांना लग्नं काय कमी आहेत!"

सिनेमा तरी कसला? गरिबाघरचा. बनवणाऱ्यांकडे एकच टेकडी होती. हिरो चोरांचा पाठलाग करायचा तो त्याच टेकडीला चार वेळा वळसा घालून. दुसऱ्या रिळात मेलेला चोर तिसऱ्या रिळात दुसरी टोपी घालून घोड्यावर बसलेला असायचा. एका निवडुंगाला घोड्याचा धक्का लागला तर तो काट्यांसकट डुलायचा, म्हणजे पुठ्ठ्याचाच असणार. सगळं खोटं, आणि खोटं आहे हे दिसत होतं. तरीही पडद्यावर उजेड पडला की तंबूतली पोरं पुढं सरकायची. सावळीरामनं तो सिनेमा पाच हजार वेळा दाखवला असं तो म्हणतो. दहानं भागा हवं तर. पण प्रत्येक वेळी त्या टेकडीमागून पहिला घोडा निघाला की आपल्या अंगावर काटा आला, हे मात्र तो शपथेवर सांगतो, आणि त्यावर विश्वास न ठेवायला काही कारण नाही.

पांढऱ्या टोपीचा हिरो देखणा होता, पण लक्षात राहायचा तो त्याचा जोडीदार. दाढीची जळमटं, तोंडात दोन दात, ढगळ विजार, आणि बसायला घोडा नाही तर एक अडेल खेचर. हिरोला सावळीराम नुसतं 'साहेब' म्हणायचा. खेचराचं नाव त्यानं हौसा ठेवलं. आणि जोडीदाराचं नाव पहिल्याच खेळात आपोआप त्याच्या तोंडून निघून गेलं. तो म्हातारा खेचरावरून पडला, उठला. त्याच्या अंगावर लाकडांचा ढीग पडला, उठला. साहेबाच्या घोड्यानं लाथ घातली, तरी विजार झटकत उठला. सावळीराम माइकवर म्हणाला, "काय मानूस म्हनायचा का दगड! ह्यो दगडू हाय, दगडू." तंबू हसला आणि नाव पक्कं झालं.

तो पहिला खेळ कळवणच्या जत्रेत होता. बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत सावळीरामची बायको बायडाबाई बसली होती. कळवण तिचं माहेर. सातवा महिना लागला होता. त्याआधी तिची दोन बाळं झाली आणि दोन्ही गेली, एक सव्वा महिन्याचं, एक पाच दिवसांचं. तिसऱ्या वेळी ती हसणं विसरली होती. घरात कोणी बाळंतपणाची गोष्ट काढली तर उठून जायची. त्या दिवशी तिला सुईण नवसाबाई जवळजवळ ओढतच तंबूत घेऊन आली होती. आधीची दोन्ही बाळंतपणं नवसाबाईनंच केली होती.

पडद्यावर साहेब म्हणाला, पुढं खिंडीत चोर आहेत. म्हणजे असं काहीतरी म्हणाला असावा. त्यावर सावळीरामचा दगडू बोलला, "मंग साहेब, तुमी व्हा म्होरं. हौसाला तहान लागलीया, मी तिला पाणी पाजून येतो, चार-सा दिसांत." आणि सावळीरामनं पाहिलं, पडद्याच्या उजेडात बायडाबाई हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून. मग काय, तो पेटलाच. पडद्यावरच्या दगडूला खोकला आला तरी त्याचे हा तीन विनोद करायचा. दोन रिळं, तीन रिळं, चार रिळं ती हसत राहिली.

पाचव्या रिळात साहेबाच्या पाठीवर चोरानं बंदूक रोखली आणि दगडू मध्ये आला. गोळी त्याला लागली. साहेबानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपली पांढरी टोपी काढली. दगडूनं डोळे मिटले. आणि रीळ संपलं. पडदा पांढराफटक झाला, मशीनवर रिळाचं शेपूट फटफट वाजत राहिलं.

सावळीरामनं बायकोकडे बघितलं. तिचा हात पोटावर होता आणि चेहरा त्या पडद्यासारखा झाला होता. तेवढ्यात नवसाबाई उठून उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाली, "आरं सांग्या, दगडू नावाचं मानूस मरतंय व्हय? मंग आमी ही नावं कशापायी ठिवतो?"

ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, भिका असं टाकाऊ ठेवायचं, म्हणजे मरणाला ते उचलावंसं वाटत नाही, हे तंबूतल्या लहान पोरालाही माहीत होतं. नवसाबाईनं अशी कितीतरी नावं स्वतः ठेवली होती. तिचा प्रश्न विनोदाचा नव्हता. सगळा तंबू सावळीरामच्या तोंडाकडे बघायला लागला.

सावळीरामनं माइक तोंडाशी नेला. "मेला कोन म्हनतंय मावशी? गोळी छातीला नाय लागली, कुडत्यातल्या तंबाखूच्या डबीला लागली. निपचित पडलाय निस्ता. पुढच्या रिळात उठतो." आणि त्यानं मशीनकडे बघून हात हलवला. दिवाकरराव माणूस हुशार. त्यांनी दुसऱ्या रिळातला तुकडा चढवला, दगडू हौसावर बसून टेकडीवरून टोपी हलवत येतो तो. दगडू आला. लोकांनी टोप्या उडवल्या.

खेळ सुटल्यावर बायडाबाईनं विचारलं, "खरंच उठतो ना तो? तुमी पाह्यलंय ना?"

"पाह्यलंय," सावळीराम म्हणाला.

पाहिलं कुठलं! सहावं रीळ मालेगावात नव्हतं तर त्याच्या बापानं पाहिलं असतं काय? पण शब्द गेला. नवसाबाई मात्र मागे रेंगाळली. बायडाबाई पुढे गेल्याचं बघून त्याच्या कानाशी म्हणाली, "पोरीदेखत बोलले नाय. टोपी हलवत आला ते मघाचंच व्हतं, कुडत्याला भोक नव्हतं. सुईनीची नजर हाय माजी. खराखुरा उठंल तव्हा मला येऊन सांग."

दोन महिन्यांनी मुलगा झाला. सव्वा महिना गेला, वर्ष गेलं, मुलगा दणदणीत. त्याचं नाव दगडू ठेवायला बायडाबाईला कोणाला विचारावं लागलं नाही. शाळेत मास्तरांनी योगेश लिहिलं, ते शाळेपुरतं. दिवाकररावांनी तो टोपीचा तुकडा पाचव्या रिळाला कायमचा चिकटवून टाकला आणि पुढची बारा वर्षं चांदवडपासून सटाण्यापर्यंत दगडू रोज मेला आणि रोज टोपी हलवत आला. पुढे व्हिडिओ आले, तंबू गुंडाळला. दिवाकरराव गेले. नवसाबाईही गेली. ती असेपर्यंत सावळीराम कळवणला सासुरवाडीला गेला की तिच्या आळीनं जायचं टाळायचा. ती एकदा बाजारात समोरच आली, तेव्हा तिनं नुसत्या भुवया वर केल्या. त्यानं मान हलवली, अजून नाही. सुईण हसून पुढे गेली.

आता आपण ऐंशीच्या आण्णांकडे येऊ, कारण फास त्यांच्या गळ्यात पडला तो यंदाच्या एप्रिलमध्ये. दगडू पन्नाशीचा झाला. त्याचं आता द्राक्षांचं पॅकहाउस आहे, बाहेर पाटीवर योगेश आणि आत आईच्या तोंडी दगडू. त्याची मुलगी योगिनी नाशिकला नोकरी करते. ती घरी आलेली असताना तिला हळदीचा डबा हवा होता. बायडाबाईची हळद तंबू गुंडाळल्यापासून त्याच सिनेमाच्या पत्र्याच्या डब्यात राहते. योगिनीनं झाकण पुसलं, गंजातली इंग्रजी अक्षरं वाचली, मोबाइलवर टाकली आणि ओरडली, "आजोबा, तुमचा दगडू इथं आहे. पूर्ण आहे. एक तास दोन मिनिटं."

आण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

योगिनीनं तिथल्या तिथे बेत ठरवला. पप्पांच्या वाढदिवसाला पॅकहाउसच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा, आणि माइकवर आजोबा. "तुम्हाला आधी एकदा दाखवू का? सराव होईल."

इथे आण्णा 'हो' म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पाच हजार वेळांची फुशारकी मारलेला माणूस सराव कसा मागणार? "मला काय दाखवतीस," ते म्हणाले, "झोपेत सांगीन."

झोप मात्र उडाली. खेळाला तीन दिवस होते आणि आण्णांच्या मनात एकच गोष्ट चालू होती. त्या सहाव्या रिळात दगडूला पुरत असतील. साहेब खड्ड्यावर टोपी धरून उभा असेल. आणि ते आपण बायकोच्या समोर, दगडूच्या पन्नाशीला, माइकवर सांगायचं. त्यांनी घसा बसल्याचं सोंग केलं, तर बायडाबाईनं ज्येष्ठमधाचा काढा पाजून दुसऱ्या दिवशी घसा खणखणीत करून टाकला. "शेवटचं रीळ काय खास नाय," असंही त्यांनी सुचवून बघितलं, "निस्तं लगीन हाय." बायडाबाई म्हणाली, "आसू दे. त्यो टोपी हलवत येतो तेवढं मला पाह्यचं हाय. परत कुठं दिसनार?" आणि लेकानं जाता जाता गंमत केली, "आण्णा, माझ्या वाढदिवसाला मला मारू नका म्हणजे झालं."

खेळ भर दुपारी झाला. शटर ओढून घेतलं की पॅकहाउसात अंधार होतो आणि गारवाही. हंगाम संपला होता, शेवटचे कंटेनर गेले होते. द्राक्षं निवडणाऱ्या लताबाई, गोजराबाई आणि त्यांच्या सोबतिणी प्लॅस्टिकचे कॅरेट पालथे घालून बसल्या. बायडाबाईला पुढे खुर्ची. आण्णा भिंतीशेजारी माइक घेऊन उभे राहिले.

भिंत उजळली. टेकडीमागून घोडा निघाला.

केवढा स्वच्छ होता तो! त्यांच्या रिळावर कायम पाऊस पडल्यासारख्या रेघा असायच्या, त्यांना वाटायचं तिकडं पाऊसच फार. आज दगडूच्या दाढीतला केसन् केस दिसत होता. डोळ्यांभोवती सुरकुत्या होत्या. बारा वर्षं ज्याच्या तोंडी आपण शब्द घातले त्या माणसाचे डोळे आण्णा पहिल्यांदा बघत होते. खूप भले डोळे होते ते. तेवढ्यात दगडू खेचरावरून पडला आणि आण्णांचा आवाज आपोआप निघाला, "काय मानूस म्हनायचा का दगड!" कॅरेटांवरच्या बायका खिदळल्या. पन्नास वर्षं कुठं गेली ते कळलंच नाही.

दुसऱ्या रिळाच्या जागी टोपी हलवत येणारा दगडू आला. बायडाबाई खुर्चीतून म्हणाली, "आवो, हे तर शेवटाला आसतं."

"ह्यांनी अलीकडं घेतलंय," आण्णा माइकवर म्हणाले आणि कपाळ पुसलं.

खिंड आली. बंदूक रोखली गेली. दगडू मध्ये आला. साहेबानं डोकं मांडीवर घेतलं, टोपी काढली, दगडूनं डोळे मिटले. आण्णांच्या मनात त्या पहिल्या खेळापासून इथेच फटफट आवाज होऊन पडदा पांढरा व्हायचा. भिंत पांढरी झाली नाही. चित्र पुढे चाललं. आण्णांनी न पाहिलेली पहिली चौकट होती ती. माइक खाली आला. पॅकहाउसात नुसतं इंग्रजी ऐकू यायला लागलं.

साहेब रडत होता. चोरांना बांधून नेलं. दगडू तसाच पडून होता. मग बाजूनं हौसा आली, त्याच टेकडीवरून, हळूहळू, लगाम लोंबकळत. तिनं दगडूचं तोंड हुंगलं. मग चाटलं. कपाळ, डोळे, दाढी. एक वेळ, दोन वेळ.

आणि दगडूनं तोंड वेंगाडून खेचराला ढकललं. उठून बसला. विजार झटकली. कुडत्यात हात घालून त्यानं काहीतरी जड बाहेर काढलं, मध्येच वाकलेलं. ती हौसाची नाल होती.

बायकांनी टाळ्या पिटल्या. आण्णा भिंतीला टेकले. तो उठला होता. आपण न बघता बोललो होतो, बायकोचा चेहरा बघून तोंडाला आलं ते बोललो होतो, आणि सातासमुद्रापलीकडे, पत्र्याच्या सहाव्या डब्यात, तो सगळा वेळ उठत होता. मालेगावात डबा नव्हता तेव्हाही उठत होता. त्यांना वाटलं, आपण मोठ्या देवळात उभे आहोत.

योगिनीनं चित्र थांबवलं. बायडाबाई म्हणाली, "डबी नाय ती. नाल हाय."

"हां," आण्णा म्हणाले.

"आन् टोपी हलवत बी नाय आला."

"नाय."

बायडाबाईनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "म्हंजे तुमी पाह्यलंच नव्हतं."

कांद्याच्या हजार ट्रॅक्टरांना हलवणाऱ्या माणसाला एवढंसं वाक्य हलवता येईना. मागे लेक उभा होता, नातीच्या हातात मोबाइल होता. "नव्हतं," आण्णा म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या पॅकहाउसात ऐकू गेलं. "रिळं पाचच व्हती."

बायडाबाईनं भिंतीकडे बघितलं. तिथे दगडू वाकलेली नाल घेऊन थांबलेला होता. मग तिनं मान वळवून आपल्या पन्नाशीच्या दगडूकडे बघितलं. तिचा आवाज एवढा लहान झाला की लताबाईला पुढे वाकावं लागलं. "मला खरं सांगितलं आसतं ना तव्हा, रीळ नाय म्हनून, तर मी ते दोन महिने काढले नसते. तुमाला ठावं नव्हतं, तरी तुमी म्हनला. आन् त्यो उठला."

दगडू पुढे आला आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

गोजराबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आण्णा, त्येवढं शेवटचं पुन्हा लावा. तुमी गप्पच व्हता. आमाला इंग्रजी कुठं कळतंय?"

योगिनीनं चित्र मागे नेलं. पुन्हा खिंड, पुन्हा मांडीवरचं डोकं, पुन्हा टेकडीवरून हळूहळू येणारी हौसा. आण्णांनी माइक तोंडाशी धरला आणि या वेळी कोणाच्या तोंडी काही विनोद घातला नाही. हौसानं चाटलं. दगडूनं तोंड वेंगाडलं. मग आण्णा बोलले, भिंतीकडे नाही, समोरच्या बायकांकडे नाही, शटरच्या फटीतून उन्हाची तिरीप येत होती तिकडे बघून. आवाज तंबूतला होता, कळवणपर्यंत जाईल असा.

"नवसामावशी, उठला बरं का."